सत्तावन्न सालचा एक पैसा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझे नाण्यांचे चार डबे खाली आले. बायकोनं झाकण उघडलं, आत डोकावली आणि शांतपणे विचारलं, "ह्यात नेमकं काय आहे?"

मला उत्तर देता येईना. भोकाचे पैसे होते, विशीतल्या ऑनसाइटच्या दिवसांत खिशात उरलेली सेंट आणि पेन्स होती, जुन्या बाजारातून 'वीस रुपयांना मूठभर' आणलेला माल होता. शाळेत असताना मी चिंचेनं घासून चकचकीत केलेली, म्हणजे संग्राहकाच्या भाषेत कायमची वाट लावलेली, नाणीही होती. हापिसात कुणी एखाद्या मोड्यूलबद्दल असं विचारलं आणि मी असा गप्प बसलो, तर पुढच्या अप्रेझलला काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा ठरवलं, एकच साल धरायचं. त्या सालाची भारतीय नाणी ठेवायची, बाकी सगळी वाटून टाकायची.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा!

पहिला विचार जन्मसालाचा. सगळे तोच करतात. माझं १९७९. ते आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्यामुळे 'हॅपी चाइल्ड नेशन्स प्राइड' लिहिलेली पाच आणि दहा पैशांची नाणी निघाली होती. स्वस्त, सहज मिळणारी. पण महिनाभरात संच पूर्ण झाला तर पुढे करायचं काय?

दुसरं १९४७. एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला रुबाबात चालणारा वाघ, असा निकेलचा रुपया. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं नाणं. ह्यावर मन अडकलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसरं १८६२, राणी व्हिक्टोरियाचा रुपया. इथे मात्र माझ्यातला इंजिनियर बिथरला. कारण ह्या रुपयांवर साल १८६२ असलं तरी ते १८७४ पर्यंत पाडले जात होते. टांकसाळीनं साल बदललंच नाही! म्हणजे नाण्यावर लिहिलेलं साल हे नाण्याचं साल असेलच असं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं हे सगळं पुराण जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. आई ताटातली शेवटची पोळी संपवत म्हणाली, "सत्तावन्न घे."

"का गं?"

"नवे पैसे आले ते साल."

आता थोडा इतिहास. तोवर आपला रुपया सोळा आण्यांचा. आण्याचे चार पैसे, म्हणून रुपयाचे चौसष्ट. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर झाले. जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं आणि खाली-वर कुठे गोंधळ नको म्हणून 'रुपये का सौवाँ भाग' असंही. हे 'नया' १९६४च्या जूनपर्यंत चाललं.

आमच्या धंद्यात ह्याला डेटा मायग्रेशन म्हणतात, आणि तेही कसलं! अख्ख्या देशाचं, रात्रीत, आणि जुनी सिस्टिम बंद न करता. कारण आणे चालूच होते. एका खिशात दोन्ही प्रकारची नाणी.

आणि जिथे दोन सिस्टिम तिथे राउंडिंग आलंच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून कायद्यानं नियम केला: एका व्यवहारात दिलेली जुनी नाणी एकत्र धरायची आणि जवळच्या पूर्ण पैशाला आणायची, बरोबर अर्धा आला तर खालचा धरायचा. त्यामुळे एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५.

मी हे सगळं उत्साहानं सांगत होतो. आई म्हणाली, "तीन आण्यांचे एकोणीस. अण्णांना पाठ होतं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, तालुक्याच्या गावी पोस्टात कारकून. पोस्टानं त्याच १ एप्रिलला नव्या पैशांतली, भारताच्या नकाशाची तिकिटं काढली होती, त्यामुळे तो तक्ता अण्णांच्या जिभेवर होता. आई तेव्हा आठ वर्षांची. एका संध्याकाळी आजीनं तिला तीन आणे देऊन गूळ आणायला पाठवलं. वाण्यानं दहा नव्या पैशांचा गूळ दिला आणि वर तीन नवीकोरी नाणी हातावर ठेवली. एक चौकोनी, एक कातरलेल्या कडांचं, एक छोटं तांबडं. ती इतकी सुंदर होती की ती पळतच घरी आली दाखवायला.

अण्णांनी नाणी मोजली. पाच, दोन, एक. आठ.

"एकोणिसातून दहा गेले. नऊ हवेत. एक पैसा कुठे गेला?"

तिला माहीत नव्हतं. अण्णांना वाटलं, गोळी खाल्ली. मारलं नाही. "खोटं बोलू नकोस" एवढंच म्हणाले. पण त्यानंतर आईला दुकानात पाठवणं बंद झालं. धाकटा मामा, वय वर्षं पाच, तो जायला लागला.

"मी खाल्ली नव्हती रे गोळी," आई म्हणाली. पंचाहत्तरी उलटलेली बाई मला हे पुराव्यानिशी सांगितल्यासारखं सांगत होती.

मी उठून कागद आणला. तीन आणे एकत्र धरले तर पावणेएकोणीस, म्हणजे १९. पण वाण्यानं आणे एकेक करून मोजले असतील तर? सहा, सहा आणि सहा. अठरा. अठरातून दहा गेले, राहिले आठ.

अण्णांचा हिशेब बरोबर होता. आईही खरं बोलत होती. पैसा राउंडिंगमध्ये गेला होता! वाण्याच्या मनात पाप होतं की त्यालाही तक्ता कळला नव्हता, देव जाणे.

आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णांना एवढं सुचायला हवं होतं." अण्णांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली.

तर साल ठरलं. १९५७ची नाणी पाच: एक, दोन, पाच, दहा आणि पंचवीस नवे पैसे. पन्नासाचं पुढे १९६०ला आलं. तीन माझ्याच डब्यांत निघाली, दोन आणि पंचवीसचं रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. आता वेगवेगळ्या टांकसाळींची शोधतोय. सालाखाली बारीक हिरा असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कोलकाता. बहिर्गोल भिंग घेऊन बसलं की शनिवार कुठे जातो कळत नाही.

बाकीचे डबे भाचे कंपनीला गेले. वाघाचा रुपया मात्र हातातून सुटता सुटत नव्हता. शेवटी धाकट्या भाचीला दिला, आणि घासू नकोस म्हणून तीनदा बजावलं.

एक अडचण राहिलीच. १९५७ साल असलेला आणा मुळात नाहीच. माझ्याकडचे तीन आणे, नागमोडी कडांचे, बैलाचं चित्र असलेले, १९५४चे. नियमाप्रमाणे ते बाद. पण सत्तावन्न साली आईच्या मुठीत तेच तर होते! तेव्हा नियम बदलला: नाण्यावरचं साल नाही, नाणं कुणाच्या खिशात होतं ते साल. तुम्ही असं साल निवडणार असाल तर कॅटलॉग उघडायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एवढंच सांगेन.

अल्बमचं पहिलं पान असं लावलंय: डावीकडे तीन आणे. उजवीकडे दहा, पाच, दोन आणि एक. शेजारी अजून एक तांबडा पैसा, वेगळ्या कप्प्यात.

पान बघून आईनं मामाला फोन लावला. "अरे, तो पैसा वाण्याकडेच राहिला होता. मी नव्हता घेतला."

मामाला अर्थातच काहीही आठवत नव्हतं. "कुठला पैसा गं ताई?" एवढं मलाही फोनमधून ऐकू आलं. मग आईनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं, आणि मी चहा टाकायला उठलो.