सोन्याचे माहेर

सराफाच्या दारातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. सोने जड, पाण्यात माती वाहून जाते, ते तळाशी राहते. याच युक्तीने बाबांनी एका रविवारी आम्हां सर्वांना परात घेऊन कयाधूच्या पात्रात नेले. उन्हे कलेपर्यंत वाळू धुतली. परातीत उरली ती लोहचुंबकाला चिकटणारी काळी रेती. आपला मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. येथल्या नदीत सोने कोठले!

“मग सोनं होतं तरी कुठं?” धाकट्याने विचारले.

मी आकाशाकडे बोट दाखवले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. अशा टकरींत सोने घडते, याचा पुरावा तेव्हा मिळाला. तसल्या लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली; तिची जागा आपल्याच औंढा तालुक्यात आहे.

आई गप्पच होती. माझ्या फीसाठी पोत मोडल्यापासून तिच्या गळ्यात नुसते काळे मणी आहेत. भाकरी सोडता सोडता म्हणाली, “ताऱ्यातलं तर ताऱ्यातलं. तू शिक म्हणजे झालं.”