दोडक्याचे मंगल नाव

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. चाळिशी ओलांडल्यावर कँटोनीज शिकावेसे वाटले त्याचे कारण विद्वत्तेचे नाही, नात्याचे आहे. आमचा भाऊ हाँगकाँगला स्थायिक झाला. त्याच्या वृद्ध सासूबाईंना कँटोनीजखेरीज दुसरी भाषा येत नाही. आमची पुतणी त्यांना 'फोफो', म्हणजे आईची आई, अशी हाक मारते. आम्हीही तेच म्हणतो. दुभाष्याविना त्यांच्याशी बोलायचे तर स्वयंपाकघर हीच एक जागा दिसली. म्हणून आधी तेथलेच शब्द घेतले.

पहिली अडचण सुरांची. या भाषेत सहा सूर मानतात. उंच सुरातले 'थाँग' म्हणजे सूप, खालच्या सुरातले 'थाँग' म्हणजे साखर! त आणि थ यांतला भेद मराठी कानाला आयता मिळतो. सूर मात्र कमवावा लागतो. पुढे ओळखीच्या खुणा भेटू लागल्या. शेतातली साळ 'वो', सडलेले तांदूळ 'माइ', शिजलेला भात 'फान'. इंग्रजी जेथे एका 'राइस'वर भागवते, तेथे या भाषेला आपल्यासारखेच तीन शब्द लागतात.

खरे नवल दोडक्याचे. त्याचे नाव 'सी-क्वा'. पण 'सी' हा उच्चार 'हरणे' या अर्थाच्या 'स्यू'जवळ जातो. म्हणून बाजारात तो 'सिंग-क्वा', म्हणजे विजयाचा दोडका होतो. कारल्याच्या नावातला 'फू' कडूपणाबरोबर कष्टही सुचवतो. म्हणून ते 'ल्योंग-क्वा', थंडावा देणारे. मम्मटाने अश्लील दोषात अमंगलाची गणना केली, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. तीच भीड, तीच माया कँटनच्या भाजीबाजारातही नांदते, हे मात्र फोफोंनी शिकवले.

पुतणीची शाळा इंग्रजी. आजोळची भाषा आणि आमची भाषा, दोन्ही तिच्यापाशी आता ओट्यापुरत्याच उरत चालल्या आहेत. फोफो फोनवर आल्या की आधी विचारतात, "सिक-चो फान मेइ आ?" जेवलात का? आम्ही उत्तर देतो, त्या आमचे सूर दुरुस्त करतात. मागच्या खेपेस पुतणीने मध्येच विचारले, "काका, सिंग-क्वाला मराठीत काय म्हणतात?" आम्ही दोडका सांगितले, शिराळे हेही सांगितले. तिने दोन्ही शब्द आजीकडून म्हणवून घेतले.