चाक बसतं, पण जमतं का?

प्रत्येक घरात काही वस्तू अशा असतात, ज्या टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. जुन्या मिक्सरची भांडी, आधीच्या शेगडीचे बर्नर, कुठल्याशा मोबाईलचे चार्जर. ‘पुढच्याला बसतील की’ या आशेवर आपण त्या माळ्यावर चढवतो. विजेवर चालणारी गाडी घरात आली आणि काही वर्षांनी ती बदलून दुसरी घेतली, की या यादीत आणखी एक जिन्नस येतो : चाकं. मिक्सरचं भांडं बसलं नाही तर फार तर चटणी राहते. चाकाचं तसं नसतं, म्हणून आज तुमच्याशी या विषयावर बोलावंसं वाटलं.

आम्ही जयपूरला मानसरोवर भागात राहतो. आमच्याकडे ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक होती. तिला यांनी हौसेने नवीन अलॉय आणि नवीन टायर घेतले होते. गाडी बदलून क्रेटा इलेक्ट्रिक घ्यायची ठरली, तेव्हा अलॉयचे वेगळे पैसे कोणी देईना. मग जपून ठेवलेली मूळ चाकं लावून कोना दिली आणि जवळजवळ नवी अशी चार चाकं घरी आणली. तेव्हापासून घरात एकच चर्चा : ती नव्या गाडीला लावायची का?

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. आधी जुनी लोणच्याची बरणी संपवायची, मग नवी उघडायची. नव्या गाडीची कोरी चाकं गच्चीवरच्या खोलीत झाकून ठेवा, आधी ही झिजवा. अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दाखला त्याहून भारी. त्यांनी उभी हयात बजाज चेतक चालवली. चेतकचं पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टेपनी अगदी एकसारखी, कुठलंही कुठेही बसायचं. “त्या काळी जमत होतं, मग आता का नाही?” आणि टोंक रोडवरचा टायरवाला तर दोन मिनिटं बघून म्हणाला, “भाईसाहब, लग तो जाएगा.”

तो खोटं बोलत नव्हता. चाक खरंच बसलं असतं. पण बसणं वेगळं आणि जमणं वेगळं. हा फरक समजून घ्यायला चाक जरा नीट वाचावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे चाक ही एक वस्तू नाही, दोन आहेत. धातूची रिम आणि रबराचा टायर. त्यांचा निर्णयही वेगवेगळा करायचा असतो. रिमबद्दल विचारायचे प्रश्न असे. नटांची भोकं किती आणि ती किती व्यासाच्या वर्तुळावर आहेत? याला पीसीडी म्हणतात. मधलं मोठं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसतं का? रिम आत किंवा बाहेर किती सरकलेली राहते, म्हणजे तिचा ऑफसेट किती? आणि ती किती वजन पेलू शकते? कोना आणि क्रेटा एकाच घराण्यातल्या असल्यामुळे दोन्हींना पाच नट, ११४.३ मिलिमीटरचं वर्तुळ आणि मधलं भोक ६७.१ मिलिमीटर. म्हणूनच टायरवाला म्हणाला, लग जाएगा. ऑफसेट आणि वजनाचा आकडा बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो टॉर्च लावून वाचावा लागतो. दुकानात उभ्या उभ्या तो कोणी वाचत नाही.

आता टायर. आमच्या जुन्या टायरवर लिहिलं होतं २१५/५५ आर १७, ९४ व्ही. नव्या गाडीच्या टायरवर २१५/६० आर १७, ९६ एच. पहिल्या नजरेला एकच वाटतं, रुंदी तीच आणि रिमही १७ इंचांचीच. फरक ५५ आणि ६० मध्ये आहे. हा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. वही घेऊन हिशोब मांडा : जुन्या चाकाचा एकूण व्यास साधारण ६६८ मिलिमीटर येतो, नव्याचा ६९०. म्हणजे जुनं चाक लावलं की गाडी सुमारे एक सेंटिमीटर खाली येते. एक सेंटिमीटर ते काय, असं वाटेल. पण विजेच्या गाडीची बॅटरी पोटाखाली असते, आणि आमच्या कॉलनीतले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बांधलेत ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

शिवाय लहान चाक त्याच अंतरासाठी जास्त वेळा फिरतं. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडीचा खरा वेग ९७ च्या आसपास असेल. २५० किलोमीटरच्या प्रवासात मीटरवर आठेक किलोमीटर जास्त दिसतील. पेट्रोलच्या गाडीत हे खपून जातं. पुढचं चार्जिंग स्टेशन कुठे आहे याचा हिशोब करत जाणाऱ्याला मात्र प्रत्येक आकडा खरा हवा असतो.

शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा : ९४ आणि ९६. तो वजनाचा सांकेतिक आकडा असतो. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९६ म्हणजे ७१०. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत. आमचे हे म्हणाले, “सहाशे सत्तर गुणिले चार, दोन हजार सहाशे ऐंशी. गाडी एवढी जड थोडीच आहे?” गणित बरोबर होतं, पण गाडी काही चारही चाकांवर सारखं वजन टाकून चालत नाही. जोरात ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांवर येतो, वळणावर तो बाहेरच्या चाकांवर जातो. बॅटरीमुळे विजेची गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, आणि मोटरचा जोर पाय दाबताक्षणी चाकांवर येतो. गाडी बनवणाऱ्याने ९६ लिहिलं असेल, तर तो आकडा खाली उतरवायचा नाही. वर जायला हरकत नसते.

आणि आमच्यासाठी हा नुसता कागदावरचा हिशोब नव्हता. लेक कोट्याला क्लासला आहे. दर पंधरा दिवसांनी आम्ही टोंक, देवली, बुंदी करत तिच्याकडे जातो. जाताना डबे, तुपाची बरणी, पुस्तकं, शिवाय अण्णा आणि आई. येताना कधी कधी तीही सोबत असते. म्हणजे गाडी पूर्ण भरलेली, मे महिन्यात बाहेर ४५ अंशांचा रखरखाट, डांबर त्याहून तापलेलं, आणि कधी नीलगाय तर कधी गुरं अचानक रस्त्यावर. त्या क्षणी ब्रेक लागतो तो हातभर रबराच्या भरवशावर. तिथे मी ‘चालून जाईल’ म्हणणार नव्हते.

हाच प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीला मॉन्ट्रियलमध्ये पडला होता, तोही वेगळ्याच हवामानात. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं आणि त्याची पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. त्यामुळे तिकडच्या घरांत चाकांचे दोन संच असतात, आणि गाडी बदलली की एक संच उरतोच. तिचीही आधी कोनाच होती, नंतर टेस्लाची मॉडेल ३ घेतली. दोन्हींना पाच नट, दोन्हींचं वर्तुळ ११४.३. तिलाही वाटलं, सुटलो!

पण टेस्लाच्या हबचं माप ६४.१ मिलिमीटर. कोनाच्या रिमचं भोक ६७.१, म्हणजे मधे पोकळी राहणार आणि ती भरायला वेगळं कडं लागणार. उलट टेस्लाची रिम कोनाला लावायला गेलं, तर ती हबवर चढणारच नाही. नटही वेगळे, कोनाला १२ मिलिमीटरचे तर टेस्लाला १४ चे. वजनाचा आकडा तिच्या हिवाळी टायरवर ९४, आणि मॉडेल ३ च्या १८ इंची टायरवर ९८, म्हणजे ७५० किलो. शिवाय १७ इंची रिमच्या आत ब्रेकला जागा पुरते का, ते वेगळंच. चाकातली हवा सांगणारे सेन्सरही एकमेकांची भाषा बोलत नाहीत. शेवटी तिने तो संच ओळखीतल्या एका घराला विकला. त्यांच्याकडे किया निरो ईव्ही होती : तेच २१५/५५ आर १७, तेच वर्तुळ, तेच भोक. दोन्ही घरांचे पैसे वाचले. वस्तूचा पुनर्वापर झालाच, फक्त योग्य गाडीवर झाला.

हे ऐकून शेजारच्या एका काकूंनी मला विचारलं, “मग जयपूरच्या थंडीत आपणही हिवाळी टायर लावावेत का?” अजिबात नको. इथे जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो खरा, पण दुपारी ऊन छान असतं आणि बर्फ कधीच नसतो. ते मऊ रबर आपल्या उन्हाळ्यात भराभर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घसरेल. आपला शत्रू थंडी नाही, उष्णता आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने वाढते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी.

उष्णतेचा आणखी एक मुद्दा सासूबाईंच्या बरणीशी जोडलेला आहे. लोणचं मुरतं, रबर मुरत नाही. ते ठेवल्या जागीही म्हातारं होतं. टायरच्या कडेला चार आकडी संख्या असते. समजा २३२१ असेल, तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनला. गच्चीवरच्या तापलेल्या खोलीत नवे टायर ‘जपून’ ठेवले, तर वाचत काहीच नाही, दोन्ही संच एकदमच जुने होतात. हे मी आईंना सांगितलं, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग नवीच बरणी उघडा.”

अण्णांना पटवायला मात्र जयपूर फुटची गोष्ट कामी आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात मास्टरजी रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा कृत्रिम पाय घडवला. असं सांगतात, की मास्टरजींची सायकल पंक्चर झाली, आणि दुकानात ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहून त्यांना रबराच्या पायाची कल्पना सुचली. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती आजही गरजूंना तो पाय मोफत बसवते. अण्णांना या गोष्टीचा फार अभिमान. मी एवढंच म्हटलं, “अण्णा, तो पाय स्वस्त आहे, पण माप घेतल्याशिवाय कोणाला बसवत नाहीत ना?” ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कोना चालवणारा गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

तुमच्याकडेही अशी चाकं पडून असतील, तर लावण्याआधी एवढं करा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरचं टायरचं माप आणि हवेचा आकडा वहीत लिहून घ्या. जुन्या टायरवरचं माप, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर आणि जन्मतारीख त्याच्या शेजारी लिहा. रबराची खाच मोजा, आपल्याकडे १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, पण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जायचं तर त्याआधीच बदललेले बरे. रिमचे चारही आकडे जुळतात का बघा. नट त्या रिमचेच वापरा, टॉर्क रेंचने मोजून आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. माप बदलणारच असाल, तर आधी विमा कंपनीला विचारा.

आणखी एक. २०२० पासून, टायर ट्यूबलेस असतील आणि गाडीत हवा दाखवणारी यंत्रणा व पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आहे. त्यामुळे बऱ्याच विजेच्या गाड्यांत स्टेपनी नसते, आणि जुन्या संचातलं एखादं चाक डिकीत टाकायचा मोह होतो. तेही मापाचं असेल तरच टाका. रात्री बुंदीच्या पुढे, अंधारात, चाक हातात घेऊन ते हबवर चढत नाही हे कळण्यापेक्षा घरी एकदा लावून बघितलेलं चांगलं.

काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे आणि तो सोडायचं कारण नाही. आमची चारही चाकं आज दुसऱ्या एका कोनावर धावताहेत, आलेल्या पैशांत लेकीचे दोन महिन्यांचे मेसचे पैसे भागले. माप जुळलं की जुनी वस्तूही नव्यासारखी काम देते. फक्त कोणी ‘लग जाएगा’ म्हणालं, की खिशातून वही काढायची.