लिहून दिलेली संमती

आयात मालाची किंमत वाढवून आकारणी करण्याला न्हावा शेव्यापासून चेन्नईपर्यंत 'लोडिंग' म्हणतात. दहा लाखांच्या इनव्हॉइसवर दोन लाख लोड केले, म्हणजे शुल्क बारा लाखांवर. कायद्याचा मूळ नियम मात्र वेगळा आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १४ हे २००७ मध्ये बदलले आणि प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत हाच आकारणीचा पाया ठरला. ही दिशा सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात दाखवली होती. जपानहून आलेल्या बेअरिंगवर छापील दरापेक्षा ७७ टक्के सूट होती आणि मुंबईच्या सीमाशुल्क विभागाला ती अविश्वसनीय वाटली. पण माल चार वर्षे पडून राहिलेला होता. दरपत्रक म्हणजे विक्रेत्याची सर्वसाधारण अपेक्षा, प्रत्यक्ष सौदा नव्हे, असे न्यायालयाने मानले. कायदा इतका स्पष्ट असूनही लोडिंग सुरूच आहे, आणि माझ्या मते त्याचे कारण कायद्याच्या अर्थात नाही, कंटेनरच्या भाड्यात आहे.

हिशेब मांडून पाहू. मूळ शुल्क १० टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी धरला, तर लोड केलेल्या दोन लाखांवर ६१,९६० रुपये जादा भरावे लागतात. त्यातले आयजीएसटीचे ३९,९६० रुपये नोंदणीकृत कारखानदाराला पुढे क्रेडिट म्हणून मिळतात; खरा तोटा २२,००० रुपयांचा. समोर शिपिंग लाइनचे डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचे भाडे) आणि सीएफएसचे, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या तळाचे, ग्राउंड रेंट रोज वाढत असते आणि कारखाना कच्च्या मालासाठी खोळंबलेला असतो. अशा वेळी आयातदार वाढीव किंमत मान्य असल्याचे लिहून देतो. कलम १७ प्रमाणे किंमत बदलणाऱ्या अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सकारण आदेश द्यायचा असतो, पण आयातदाराची लेखी संमती असेल तर ती गरज उरत नाही. म्हणजे त्या एका कागदाने शंकेची कारणे लिहिण्याचे बंधनच संपते. मूल्यांकन नियमांतला बारावा नियम आयातदाराला ती कारणे लेखी मागण्याचा हक्क देतो, पण हक्क बजावायला लागणारे दिवस त्याच्याच खिशातून जातात.

हे इथेच थांबत नाही. आकारणीची किंमत राष्ट्रीय आयात माहितीसंचात नोंदली जाते. पुढच्या महिन्यात तोच माल दुसऱ्या कोणी आणला, की नाइलाजाने मान्य केलेला भाव त्याच्यासमोर 'समकालीन आयातभाव' म्हणून ठेवता येतो. न्यायाधिकरणांनी अनेकदा सांगितले आहे की केवळ या नोंदींच्या आधारे जाहीर किंमत नाकारता येणार नाही. पण न्यायाधिकरणापर्यंत किंवा न्यायालयापर्यंत जातो कोण? ॲल्युमिनियम भंगाराचे आयातदार गेले. सेंच्युरी मेटलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले की शंका रास्त हवी आणि तिची कारणे नोंदवलेली हवीत. बहुतेकांना तेवढी लढाई परवडत नाही.

यावर विभागाचा आक्षेप हलका नाही. किमती खरोखर कमी दाखवल्या जातात. दोन-दोन इनव्हॉइस बनतात, फरकाची रक्कम हवालामार्गे जाते आणि प्रामाणिकपणे शुल्क भरणारा, शिवाय देशी उत्पादकही त्यात भरडला जातो. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच संमतीपत्रावरचा भर मला घातक वाटतो. खोटी कागदपत्रे करणाऱ्याला वीस टक्के लोडिंग स्वस्तच पडते; सही करून तो सुटतो आणि चौकशी तिथेच मिटते. नियमांत शंकेची ठोस कारणे दिलेली आहेत: तशाच मालाचा लक्षणीय जास्त भाव, असाधारण सूट, दर्जा किंवा प्रमाण चुकीचे सांगणे, बनावट दस्तऐवज. ती तपासायला वेळ लागतो, आणि त्यासाठी कलम १८ ची तात्पुरती आकारणी आहेच: बंधपत्र आणि हमी घेऊन माल सोडायचा, वाद मागाहून चालवायचा. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे लोंबकळतात, ही तक्रारही खरी होती. पण २०२५ च्या वित्त कायद्याने त्यांना दोन वर्षांची मुदत घातली असून ती फार तर एक वर्ष वाढवता येते. त्यामुळे शंका असेल तिथे तात्पुरती आकारणी हाच नेहमीचा मार्ग असावा, आणि संमतीने वाढलेली किंमत माहितीसंचात वेगळ्या खुणेने नोंदवावी, म्हणजे पुढच्या आयातदाराविरुद्ध ती पुरावा म्हणून उभी राहणार नाही.