काचेच्या कोपऱ्यातली तारीख

गाडीच्या प्रत्येक काचेवर ती काच कधी बनली ते लिहिलेलं असतं! प्रत्येक! पुढची, मागची, चारही दारांची. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो ना, जो आपण जन्मभर बघतो आणि कधीच वाचत नाही, त्याच्याखाली एखादा आकडा आणि काही ठिपके असतात. आकडा वर्षाचा, ठिपके महिन्याचे. ठिपके मोजायची रीत काचेच्या कंपनीगणिक वेगळी असते, पण महिना हवाय कुणाला? सगळ्या काचांचं वर्ष एकच आहे का, एवढंच बघायचं. पाच काचा १३ सालच्या आणि डाव्या मागच्या दाराची एकटी १७ची निघाली, तर त्या दाराचं काहीतरी झालेलं आहे. मग मालक ‘गाडीला साधं खरचटलंसुद्धा नाही हो’ म्हणत शपथा का घेईना. (काच गाडीपेक्षा थोडी जुनी असू शकते, जानेवारीत तयार झालेल्या गाडीला आधीच्या वर्षाची काच लागते. गाडीपेक्षा नवी असेल तर मात्र विचारायचं.)

हे कळल्यापासून माझं काही खरं नाही. सोसायटीच्या पार्किंगमधून सरळ चालत जाणं बंद झालंय. शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या काचा वाचत वाचत मी लिफ्टपर्यंत पोचते आणि कुणाचं कधी काय झालं होतं ते मला न विचारताच कळत जातं. नवरा म्हणतो, लोक तुला चोर समजतील. समजू देत!

निमित्त अगदीच साधं होतं. दोन-सव्वादोन लाखांत बसणारी जुनी गाडी हवी होती. नव्या गाडीचे हप्ते परवडत नव्हते, आणि खरं सांगायचं तर पटतही नव्हते. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या तक्त्याने धरतात तो मी पाहिला आणि हादरलेच. सहा महिने उलटले की १५ टक्के वजा, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, आणि पाचव्या वर्षी निम्मी किंमत गेलेली. ही घट पहिल्या मालकाने सोसायची आणि उरलेली गाडी आपण चालवायची, यात लाज कसली वाटायची ते मला अजून समजलेलं नाही. पण भीती होती. जुनी गाडी म्हणजे फसवणूक, हे घरात प्रत्येकाने कधी ना कधी ऐकवलेलं. म्हणून पुण्यात धायरीतल्या एका गॅरेजवाल्या मामांना गळ घातली, की गाडी बघायला माझ्याबरोबर या, तुमचे काय ते पैसे घ्या. त्यांनी घेतले, आणि जन्माची विद्या दिली.

पहिलीच गाडी एका सोसायटीतली चंदेरी वॅगनआर. मी लगेच सीटवर बसून स्टिअरिंग धरलं. मामांनी गाडी सुरूसुद्धा केली नाही. बॉनेट उघडलं आणि फेंडरच्या बोल्टवर नख फिरवलं. “ताई, इथं बघा. बोल्टला पाना लागलाय.” मला काही दिसेना. मग त्यांनी डावीकडचा बोल्ट दाखवला, मग पुन्हा उजवीकडचा, आणि दिसलं! कारखान्यात बॉडीला रंग मारतात तेव्हा असे बोल्टही रंगून निघतात. एकदा त्याला पाना लागला की सहा कोपऱ्यांवरचा रंग तुटतो, तो नंतर कितीही टचअप करा, तसा सलग होत नाही. डावीकडचे बोल्ट सलग रंगाचे, उजवीकडचे टवके गेलेले. म्हणजे उजवा फेंडर काढलेला किंवा बदललेला. मालक दोन पावलं मागे सरकले.

मी म्हटलं, झालं, ही गाडी नको. मामा म्हणाले, “थांबा की. फेंडर काय, पुण्यात रिक्षावाला पण उडवतो. खांब बघू.” त्यांनी दाराच्या चौकटीचं काळं रबरी बीडिंग हाताने ओढून काढलं. आत पत्र्याच्या कडेला गोल गोल खळगे दिसले, सारख्या अंतरावर, एका ओळीत. हे कंपनीचे वेल्डिंगचे टिपके. गाडी जोरात ठोकली असेल आणि खांब ओढून सरळ केला असेल तर हे टिपके वाकडेतिकडे होतात, नाहीसे होतात, किंवा त्यांच्या जागी गॅरेजच्या वेल्डिंगचा ओबडधोबड थर दिसतो. बीडिंग ओढायला पाच सेकंद लागतात आणि परत दाबून बसवायला दहा. एवढ्यात गाडीचा सगळ्यात मोठा अपघात कळतो! मग डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात तेच बघायचं, मागून धडक बसली असेल तर तिथला पत्रा चुरगळलेला सापडतो. मग फडक्यात गुंडाळलेला साधा लोहचुंबक दारांवरून फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. (बंपरवर फिरवू नका, तो प्लॅस्टिकचा असतो. तरीही मी तिथेच पहिल्यांदा फिरवला आणि मालकाकडे खुनशी नजरेने पाहिलं.)

आणि पूर! पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून, अत्तर मारून बाजारात येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्या गाड्यांचं पुढे काय झालं असेल असा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. मामांनी एकच गोष्ट केली. पुढचा सीटबेल्ट ओढत राहिले, ओढत राहिले, अगदी शेवटापर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा जो भाग कधी बाहेर येतच नाही, तिथे गाळाची रेघ राहते. तो भाग धुवायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पाठोपाठ सीट मागे सरकवून रुळांवरचा गंज बघायचा आणि पायाखालच्या गालिच्याचा कोपरा उचलून नाक लावायचं. हो, नाक! कुबट वास अत्तराखाली लपत नाही.

टायरचंही तेच. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३४१३ म्हणजे २०१३ सालचा ३४वा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून मालक ‘टायर नवेच आहेत’ म्हणतो, पण आठ वर्षांचं रबर दगडासारखं झालेलं असतं, पावसात ब्रेक मारला की कळतं. तीच गत मीटरची. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगची चामडी चमकायला लागलेली, आणि बॉनेटखाली कुठल्याशा गॅरेजने चिकटवलेल्या ऑईल चेंजच्या स्टिकरवर ‘पुढील सर्व्हिस ८६,०००’! मीटर मागे फिरवणाऱ्याने स्टिकर काढला नव्हता. मी ती गाडी सोडून आले तरी दिवसभर खूश होते.

इंजिनाचं तर विचारूच नका. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडायचं. आतून भकाभका धूर येत असेल तर ‘बॅक कॉम्प्रेशन’ आहे, म्हणजे रिंगा-पिस्टन थकलेत, मोठा खर्च. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर असेल तर ऑईलमध्ये पाणी जातंय का ते बघायचं, हेड गॅस्केटचं काम असू शकतं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय, काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. शिवाय २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात काही शे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर खुपसलं की गाडी स्वतःच्या तक्रारी मोबाईलवर सांगते! विकणारा हुशार असला तर तुम्ही यायच्या आधी तो त्या तक्रारी पुसून ठेवतो. पण पुसल्यावर गाडीच्या आतल्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. तक्रार एकही नाही आणि तपासण्या मात्र सगळ्या अपूर्ण, असं दिसलं की समजायचं, नुकताच हात फिरवलाय किंवा नुकतीच बॅटरी काढलीय. विचारायला हरकत नसते.

कागदपत्रांचा मला कंटाळा, तेव्हा थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, थकलेली चलनं किती, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढवलंय का, एचएसआरपी पाटी लागलीय का, हे विचारा. नावावर करण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बोजा असेल तर ३५. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांच्या मोहात पडू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली म्हणून त्या स्वस्त आहेत, आणि इथे आणून पासिंग करायचं म्हणजे एनओसी, नव्याने रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही. आणि तुम्ही गाडी विकत असाल तर हे नीट वाचा: २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हातांतून पुढे गेलेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येते.

शेवटी घेतली ती २०१३ची वॅगनआर, निवृत्त बँकवाल्या काकांची, पहिल्या मालकाची. काकांनी ऑईल फिल्टरचीसुद्धा बिलं फायलीत लावून ठेवली होती. फेंडर एक बदललेला, खांब शाबूत, काचा सगळ्या १३च्या, स्टेपनीसुद्धा! इंजिन तीन सिलिंडरचं, ९९८ सीसीचं. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्चच नाही. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. ठरवलेल्या पैशातले पंधरा टक्के मामांनी आधीच बाजूला ठेवायला लावले होते. गाडी घेतल्या घेतल्या सगळी ऑईलं, कुलंट, फिल्टर, प्लग बदलायचे, मागच्याने काय केलं होतं याचा विचारच करायचा नाही.

पुढचा शोध नाना पेठेत लागला. उभ्या सिग्नलला गाडी थरथरत होती आणि खड्ड्यात पुढून खडखड यायची. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने ‘पुढचं सस्पेन्शन पूर्ण बदला’ म्हणून लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. मामांनी चाक वर घेऊन हाताने हलवलं आणि म्हणाले, लिंक रॉड गेलाय, आणि एक इंजिन माउंटिंग. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, माउंटिंगचं रबर बसलं की ती थरथर सीटपर्यंत येते. जुना रॉड पिशवीत घालून मी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. ते दुकान बघायला हवं होतं! काउंटरपासून छतापर्यंत खोके, आणि दुकानदार पार्टवरचा नंबर वाचून न बघता मागे हात घालतो आणि नेमका खोका काढतो. तिथे कळलं, की बरेच पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. बनवणारी दुसरीच कंपनी असते, आणि तिच्या स्वतःच्या खोक्यात तसाच माल बऱ्याचदा कमी भावात मिळतो. पण पार्ट नंबर हवा. ‘वॅगनआरचा रॉड द्या’ म्हटलं की कुठल्या सालचा, कुठल्या मॉडेलचा, याची उलटतपासणी होते. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग यांत मात्र नाव नसलेला स्वस्त माल घेऊ नये, असं मामांचं सक्त म्हणणं आहे आणि मला ते पटतं. दाराचं हँडल, आरशाचं कव्हर खुशाल जुन्या बाजारातून आणा.

देखभालीत पैसे वाचतात ते भाव करून नाही, वेळेवर केल्याने. दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑईल बदलायचं. गाडी वर्षभर उभी असली तरी बदलायचं! कुलंट कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतायचं नाही, आत गंज आणि क्षार धरतात आणि मग रेडिएटरच बदलावा लागतो. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी नवं. एसीच्या फिल्टरमध्ये आमच्या गाडीत अख्खं पिंपळाचं पान निघालं, आणि मी एसीचा गॅस भरायला निघाले होते! ही सगळी माहिती ग्लोव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलमध्ये छापलेली आहे. आता मी ते मॅन्युअल रात्री झोपताना वाचते. यावर नवऱ्याने बोलणं सोडलंय.

अरे हो, एक राहिलंच, आणि ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांगा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थकलेली बॅटरी, टॅपेटचा आवाज, पहिल्याच झटक्याला निघणारा निळा धूर हे थंड इंजिनालाच दिसतं, आणि आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचा व्यवहार करू नका.