रुळांवरचे गवत

‘सरकारने यात लक्ष घालायला हवे’, हे वाक्य आपल्या तोंडी किती सहज येते! गावची विहीर असो, वाचनालय असो की बंद पडलेली गाडी, एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले! हे वाक्य कानावर पडले की मला हटकून वेल्समधल्या एका छोट्या आगगाडीची आठवण होते.

तिचे नाव टॅलिलिन. डोंगरातल्या खाणीतला पाटीचा दगड टाउइन या समुद्रकाठच्या गावी आणण्यासाठी ती 1865 साली सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर सव्वादोन फूट. म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम तीन इंच जास्त. खाण बंद पडल्यावरही मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी पदरमोड करून गाडी चालू ठेवली. जुलै 1950 मध्ये ते वारले. तेव्हा चालते इंजिन उरले होते एकच, तेही 1866 सालचे. स्लीपर कुजले होते आणि रूळ गवतात बुडाले होते. या गवतानेच रूळ धरून ठेवले आहेत, असे लोक गमतीने म्हणत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. सत्तरएक माणसे जमली, संस्था स्थापन झाली. जोन्सबाईंनी विश्वासाने गाडी त्यांच्या हवाली केली आणि 14 मे 1951 रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी धावली. अशा तऱ्हेने वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

पण शिट्टी वाजवणे सोपे, गवत काढणे कठीण! सुट्टीच्या दिवशी लांबून यायचे, गवत उपटायचे, खडी टाकायची, स्लीपर बदलायचे, हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. शेजारच्या बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी 25 पौंडांना मिळाली. त्यातले एक सारखे घसरे, कारण इथले रूळ ठरल्यापेक्षा अर्धा इंच फाकलेले होते. तोही दोष हळूहळू निस्तरला गेला.

‘थॉमस’ इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री 1952 साली इथे हौसेने गार्ड झाले. एकदा त्यांनी घाईने गाडी सोडली आणि चहाफराळ विकणारी बाई स्टेशनातच राहिली! पुढे याच फजितीची त्यांनी मुलांसाठी गोष्ट केली.

आमचे दर्यापूरचे मामा हे ऐकून खूप हसले आणि मग गप्प झाले. त्यांच्या गावावरून शकुंतला जायची. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. वऱ्हाडचा कापूस तिने वाहिला. 1994 पर्यंत तिला मँचेस्टरचे वाफेचे इंजिन होते. 2010 च्या दशकात तिचे दोन्ही फाटे थांबले. मामा म्हणाले, “अरे, शेतातून कोणी हात केला तर ती थांबायची. आपण मात्र तिच्यासाठी थांबलो नाही.”

मामांचे दुःख खरे, पण तुलना पुरती न्यायाची नाही. टॅलिलिनची वाट बारा किलोमीटरसुद्धा नाही, शकुंतलेची दोन्ही मिळून एकशेनव्वदच्या आसपास. तिकडे प्रवासी सुट्टीत मौजेसाठी येतो. इकडे तो बाजारहाटाला, दवाखान्याला जायचा. एवढी मोठी गाडी लोकांनी वर्गणी काढून चालवावी, असे कोण म्हणेल? तिच्यासाठी लोकांनी आंदोलने केली, तीही योग्यच होती.

तरीही टॅलिलिनवाल्यांची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. त्यांनी गाडीवर नुसते प्रेम केले नाही, कामाचे वार वाटून घेतले. इंजिन चालवायची हौस असेल तर आधी ते पुसायला शिकायचे, मग कोळसा टाकायला, आणि मग कुठे चालवायला. काही पगारी माणसे आहेत, पण स्वयंसेवकांवाचून ती गाडी आजही चालणार नाही.

श्रमदान आपल्याला नवे का आहे? शकुंतलेच्या वाटेवरच्या अंजनगाव परिसरातलेच शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. रस्ता कोणाच्या मालकीचा, हे विचारत न बसता त्यांनी खराटा हाती घेतला. शकुंतला आपल्या हाताबाहेरची असेल. गावचे वाचनालय आणि विहीर तरी नक्कीच नाही. येत्या रविवारी तिथले गवत कोण काढणार, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले.