पुस्तकातलं तळं, ढिवरांचं तळं

प्रतापगडला महाशिवरात्रीला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "नवेगावबांधही पाहू या का?" इथला महादेव झाला, दर्गा झाला, आणि तळं याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका फेरीत सगळं उरकतं. पण त्यांच्यातला एखादा तळं पाहायला येतच नाही. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' शोधायला येतो. मीही त्याच पंथाचा.

कोलू पाटील कोहळीनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे तळं बांधलं, असं सांगतात. भोवतीच्या टेकड्या सात बहिणी. बांध घालताना त्यांनीही हात लावला म्हणे. कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला. पाणी अडवणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारा हा मुलूख मला फार आवडतो. तळ्यात मालडोंगरीचं बेट आहे. वाचकाची नजर आधी तिकडेच जाते आणि काठावरचा मासेमार ढिवर राहून जातो.

जपानातही असंच घडतं. तिथे इसेच्या उपसागराच्या तोंडाशी कामिशिमा हे कोळ्यांचं लहानसं बेट आहे. युकिओ मिशिमानं १९५४च्या 'शिओसाई' कादंबरीत त्याचं नाव बदललं, तरी वाचकांनी ते हुडकलंच. हे वाचक दीपगृह पाहत हिंडतात, कोळी आपली ऑक्टोपस धरायची मडकी सांभाळतात.

आपल्याकडे एक फरक आहे. मिशिमा पाहुणा होता; चितमपल्ली इथे वनखात्याच्या नोकरीत राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या गावकऱ्यांबरोबर जंगल हिंडले. त्यांच्या पानांत रानातल्या, पाण्यावरच्या माणसांचं शहाणपण मुरलेलं आहे. श्रेय मात्र आपण एकट्या लेखकाला देऊन मोकळे होतो. एका म्हाताऱ्या ढिवराला मी पुस्तकाविषयी विचारलं, तर त्यानं मलाच विचारलं, "त्यात मरळ आहे का जी? तळ्यात तर आता कमीच दिसते."

गेल्या काही वर्षांत याच तालुक्यातल्या ढिवर बायकांनी तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटलं, देशी मासे परतावेत म्हणून पाणवनस्पती लावल्या. कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला कुठला मासा येतो, हे त्या घरच्यासारखं सांगतात. ते टिपून घ्यायला चितमपल्ली आता नाहीत. १८ जून २०२५ला ते सोलापुरात गेले. पुस्तक काखेत मारून येणाऱ्यानं बेटाचा फोटो काढण्याआधी या बायकांना गाठावं. मात्र त्या पाण्यात उतरलेल्या असताना नको, काम सुटल्यावर.